वीस अंश

अंबडला आमच्या कंपनीत एकच खोली गार असते,
मोजमापाची.
वीस अंश, बाराही महिने,
बाहेर पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही तेव्हाही.
तो एसी साहेबांसाठी नाही, माझ्यासाठीही नाही,
पिनांसाठी आहे.
लोखंड तापलं की फुगतं, आणि फुगलं की खोटं सांगतं.
म्हणून आधी त्याला निवू द्यायचं,
मग विचारायचं, बाबा रे, तुझा व्यास किती?
निरगुडे काकांनी पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं हे.
माणसांबद्दल ते काही बोलले नव्हते.

काल तीन वाजून दहा मिनिटांनी
खैरनार साहेब आले, दार सताड उघडं टाकून.
टेबलावर चारशे ऐंशी पिना,
सगळ्या बारा मायक्रॉन जाड.
गेटवर गाडी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
"सही करा मॅडम. केसाएवढा फरक."
सर, केस सत्तर मायक्रॉनचा असतो, मी म्हटलं,
हा केसाच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे.
तरीही नाही.

मशीनवरची आठ-दहा डोकी वळली.
पुढे ते जे बोलले ते इथे लिहीत नाही.
त्यात माझं लग्न होतं, न झालेलं,
एवढंच सांगते.
मी भिंतीवरच्या आकड्याकडे बघत राहिले.
वीस. एकवीस. बावीस पूर्णांक चार.
सर, दार लावता का? रीडिंग चुकतंय.
लावलं त्यांनी.
बाहेरून, आदळून.

पाच वाजता कागद आला: कारणे दाखवा,
चोवीस तासांत.

पाथर्डी फाट्यावर अॅक्टिव्हा उभी केली,
उसाच्या रसाचा एक ग्लास अर्धा तास पुरवला.
पांडवलेणीचा डोंगर आधी तांबडा झाला, मग जांभळा,
मग नुसता डोंगर.
कानशिलं अजून गरम होती.

रात्री पहिला मसुदा तीन पानांचा.
सात वर्षांतलं सगळं त्यात,
तारीखवार, दिवाळीच्या मिठाईच्या डब्यासकट.
काय सुरेख मराठी उतरली होती!
तेवढ्यात पगारचा फोन.
(आमच्यात पगार आडनावाचा एक आहे, उमराण्याचा.
एक तारखेला त्याची आम्ही रोज नवी चेष्टा करतो,
तोही रोज नव्याने हसतो.)
म्हणाला, ताई, कांदा चिरताना डोळे चुरचुरले
तर त्याच हाताने चोळायचे नाहीत.
आधी हात धुवा.
आणि ठेवला.

हात धुतले. खरोखरच धुतले, साबणाने.
मग लिहिलं:
उपरोक्त विषयास अनुसरून,
मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे.
मोजतेवेळी तापमान वीस अंश.
दुपारी तीन दहा ते तीन सतरा या वेळेतली मापे
दार उघडे राहिल्याने ग्राह्य धरू नयेत,
ती पुन्हा घेतली आहेत.
आपली विश्वासू,

इथे पेन अडलं.
आपली म्हणजे कुणाची?
मग आठवलं, यातली एखादी पिन
कुणाच्या तरी स्टिअरिंगमध्ये बसून
धुक्यात कसारा घाट उतरणार आहे,
मागच्या सीटवर झोपलेलं पोर असेल.
त्याची.
सही केली. हेमांगी अहिरराव.

आज सकाळी जिन्यात साहेब समोर आले.
गुड मॉर्निंग सर, म्हटलं.
त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं.
उद्याही म्हणेन.
मी काही फार चांगली आहे म्हणून नाही,
माझी सकाळ मी त्यांच्या हवाली का करू?

लॉट कोपऱ्यात पडून आहे, लाल चिठ्ठी लावून.
इन्क्रिमेंटचं काही कळलेलं नाही.
जिन्यातल्या 'सदैव सकारात्मक राहा' या पोस्टरची
एका बाजूची चिकटपट्टी सुटली होती,
जाता जाता दाबून बसवली.
वर आले. दार लावून घेतलं.
एकवीस पूर्णांक एक.
अजून थोडं थांबायला हवं.